'अ फेअरवेल टू आर्म्स'मधले एवढे सगळे 'अँड' काय काम करतात?

बाय, तू विचारलंस त्यात खरं तर दोन प्रश्न आहेत. एक, अर्नेस्ट हेमिंग्वे ह्या अमेरिकन लेखकाच्या 'अ फेअरवेल टू आर्म्स' ह्या कादंबरीमध्ये पहिल्या पानापासून शेवटच्या वाक्यापर्यंत 'अँड' 'अँड' 'अँड' एवढं का आहे, आपल्या शाळेत असं लिहिलं असतं तर बाईंनी लाल पेनाने गोल मारले असते. दुसरा, तू गोव्यातल्या डिचोलीच्या खाणींवरच्या तुझ्या कथेत तसंच 'आणि' वापरून बघितलंस तर ते चौथीतल्या निबंधासारखं वाटायला लागलं, ते का. दोन्हींचं उत्तर एकच आहे पण तिथपर्यंत जायला जरा वेळ लागेल. मी आयुष्यभर दुसऱ्यांचं मराठी तपासायचं काम केलंय, आधी पणजीत पेपरच्या डेस्कवर आणि नंतर पुस्तकांचं संपादन, आणि माझं ठाम मत झालंय की लेखक विचार कसा करतो ते त्याच्या विशेषणांपेक्षा त्याच्या जोडशब्दांत जास्त दिसतं. शाळेत उभयान्वयी अव्यय म्हणून अर्ध्या तासात उरकतात ते, खरं म्हणजे तिथे थांबायला हवं.

आधी पुस्तकाचं बघू. १९२९ची कादंबरी, पहिल्या महायुद्धातली इटलीची आघाडी. सांगणारा फ्रेडरिक हेन्री, अमेरिकन, इटलीच्या सैन्यात अँब्युलन्सवर लेफ्टनंट. तू शेवटपर्यंत वाचलीयस म्हणून सरळ बोलते. पहिला परिच्छेद काढून समोर ठेव. चार वाक्यं आहेत, १२६ शब्द, त्यात 'अँड' १५. जोन डिडियन या अमेरिकन लेखिकेने १९९८ साली एका लेखात हा परिच्छेद असाच शब्द न शब्द मोजला होता, तू पण पेन्सिल घेऊन मोज, पंधराच येतात. आणि मोजताना एक बघ की ते सगळे एका जातीचे नाहीत. 'नदी आणि मैदान', 'गोटे आणि धोंडे', 'कोरडे आणि पांढरे' हे साधे जोड्या लावणारे, असे कोणीही लिहील. पण सैन्य घरावरून जातं आणि धूळ उडते आणि ती झाडांच्या पानांवर बसते आणि त्या वर्षी पानं लवकर गळतात आणि सैन्य रस्त्याने चाललेलं दिसतं आणि नंतर रस्ता मोकळा, पांढरा, फक्त पानं पडलेली, हे जे शेवटच्या दोन वाक्यांत चाललंय ते वेगळं आहे. इथे प्रत्येक 'अँड'च्या जागी खरं तर दुसरा शब्द बसू शकला असता. सैन्य गेल्यामुळे धूळ उडाली. धूळ बसल्यामुळे पानं लवकर गळली असतील. म्हणजे युद्धाने झाडं मारली. हे सगळं त्या परिच्छेदात आहे आणि एकाही ठिकाणी म्हटलेलं नाही. 'त्यामुळे' घातलं असतं तर तो रिपोर्ट झाला असता. 'अँड' घातल्यामुळे धूळ, पान आणि शिपाई तिन्ही एका पातळीवर येऊन बसले आणि कोणामुळे कोण पडलं ते जुळवायचं काम वाचणाऱ्यावर आलं, आणि जुळवताना आपल्या लक्षात येतं की पानं पडतात तसेच हे शिपाई पण पडणार आहेत. ते लेखकाने सांगितलेलं नसतं, आपल्याला आपलं आपणच कळलेलं असतं म्हणून ते जास्त लागतं.

डेस्कवर असताना रोज संध्याकाळी अपघाताच्या बातम्या यायच्या आणि प्रत्येकीत 'चालकाचा ताबा सुटल्याने' हे ठरलेलं असायचं. कोणी बघितलेलं नसायचं, पंचनामा पूर्ण झालेला नसायचा, तरी कारण तयार. दोन गोष्टींचा संबंध माहीत नसला की मध्ये 'दरम्यान' टाकून पुढे जायचं. कारण सांगणारा शब्द किती सहज हातातून सुटतो हे मी तिथे बघितलं, आणि तो सुटला की वाचणारा विचार करायचा थांबतो, कारण त्याला वाटतं की झालं, कळलं. हेमिंग्वे पण आधी पेपरातच होता, कॅन्सस सिटीला आणि मग टोरंटोच्या पेपरासाठी, पण कादंबरीत त्याने हे असं कारण देऊन टाकणं कटाक्षाने टाळलं.

आता पहिल्या प्रकरणाची शेवटची दोन वाक्यं. मराठीत साधारण अशी होतील: हिवाळा लागताना न थांबणारा पाऊस आला आणि पावसाबरोबर कॉलरा आला. पण तो आटोक्यात आणला आणि शेवटी सैन्यात त्याने फक्त सात हजार माणसं मेली. माझ्या मते सगळं पुस्तक या दोन वाक्यांत आहे. पाऊस आला 'आणि' कॉलरा आला, जणू दोघे एकाच गाडीतून उतरले. इथून पुढे पुस्तकात पाऊस लागला की वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पुढे फ्रेडरिकची प्रेयसी, नर्स कॅथरीन, सांगते की तिला पावसाची भीती वाटते कारण त्यात कधी कधी ती स्वतःला मेलेली दिसते, आणि आपल्याला ते पटतं, कारण एका 'आणि'ने पाऊस आणि मरण आधीच गाठ मारून ठेवलेले असतात. आपल्याकडे जून लागला की चार महिने पाऊसच बघायचा असतो, आपल्याला तर हे वाक्य जास्तच कळायला पाहिजे. मग 'पण' येतो. एवढ्या 'अँड'च्या रांगेनंतर एक 'बट', आणि आपल्याला वाटतं आता काहीतरी चांगलं, आटोक्यात आला म्हणे, आणि लगेच 'फक्त सात हजार'. तो 'फक्त' सैन्याच्या हिशोबातला आहे, फ्रेडरिकने तो तसाच्या तसा पुढे केला, त्याच्यावर एक शब्द बोलला नाही.

ही 'अँड अँड आणि मग बट' ची चाल ध्यानात ठेव, कारण ती पुढे परत येते आणि माझ्या मते मुद्दाम येते. चौतिसाव्या प्रकरणात ते सगळ्यांनी पाठ केलेलं वाक्य आहे ना, जग सगळ्यांना मोडतं आणि नंतर पुष्कळ जण मोडलेल्या जागी मजबूत होतात, लोक ते पोस्टरवर छापतात आणि तिथेच थांबतात. पुढचं वाक्य 'बट'ने सुरू होतं: पण जे मोडत नाहीत त्यांना ते मारून टाकतं. आणि त्याच्या पुढे, अगदी चांगल्यांना आणि अगदी हळव्यांना आणि अगदी शूरांना, भेदभाव न करता. 'भेदभाव न करता' हा शब्द वाच आणि मग मागचे दोन 'अँड' परत वाच. 'अँड' तेच करतो, भेदभाव करत नाही. स्वल्पविराम देऊन शेवटी एकच 'अँड' ठेवला असता तर ती यादी झाली असती. प्रत्येकाच्या मध्ये 'अँड' आल्यामुळे एकेकाला वेगळं धरून मारल्यासारखं वाटतं. ते 'आणि नंतर' पण बघ, पहिल्या परिच्छेदात रस्ता मोकळा पडतो तिथे पण हाच 'नंतर' आहे. हे सगळं घडून गेल्यावर सांगणाऱ्या माणसाचं बोलणं आहे. कॅथरीन गेलेली आहे, मूल जन्मतःच मेलेलं आहे, आणि तो पहिल्या उन्हाळ्यापासून परत सांगायला बसलाय. ज्याच्या हातात शेवटी काहीच राहिलं नाही तो माणूस 'त्यामुळे' कुठून आणणार. त्याला एवढंच ठाऊक आहे की हे झालं आणि मग हे झालं. म्हणून मी म्हणते की हा 'अँड' हेमिंग्वेची लकब म्हणून वाचू नये, आधी तो फ्रेडरिकचा आवाज म्हणून वाचावा.

सत्ताविसाव्या प्रकरणात तो स्वतःच सांगतो की गौरव, सन्मान, धैर्य, पवित्र असले शब्द त्याला ऐकवत नाहीत, गावांची नावं, रस्त्यांचे नंबर, नद्यांची नावं, पलटणींचे नंबर आणि तारखा ह्यांच्यापुढे ते शब्द घाण वाटतात. बहुतेक लोक हा उतारा मोठ्या शब्दांबद्दल म्हणून वाचतात. मला वाटतं तो जोडशब्दांना पण लागू आहे. 'म्हणून', 'यास्तव', 'च्यासाठी' ह्या शब्दांवरच तर भाषणं उभी राहतात, देशासाठी, म्हणून बलिदान. ते काढून टाकले की फक्त नद्या आणि गावं आणि नंबर राहतात आणि त्यांना जोडायला 'अँड' सोडून काही उरत नाही.

आता सगळीकडे तो एकच काम करत नाही हे पण सांगायला हवं, नाहीतर तू म्हणशील की ताईंनी एक नियम दिला. नवव्या प्रकरणात फ्रेडरिक जखमी होतो तो उतारा घे. चीज खातोय, वाईनचा घोट घेतो, आणि मग तोफेचा गोळा येतो, भट्टीचं दार उघडल्यासारखा उजेड पडतो, आणि तो म्हणतो की मी माझ्यातूनच बाहेर ओढला गेलो आणि बाहेर आणि बाहेर आणि बाहेर. इथे कारण लपवायचं वगैरे काही नाही, इथे तो 'अँड' अंगातल्या झटक्यासारखा आहे, मोठ्याने वाचलंस तर दम लागतो. वाक्य एका जागी थांबायला तयारच नाही कारण माणूस थांबू शकत नाहीये. आणि त्याच्या आधीचं चीजचं वाक्य सुद्धा 'अँड'चंच आहे, तुकडा खाल्ला आणि घोट घेतला, इतकं शांत. एकाच पानावर एकच शब्द, एकदा जेवणाच्या गतीने आणि एकदा मरणाच्या. मी वर्कशॉपमध्ये हा उतारा नेहमी मोठ्याने वाचायला लावते, समजावून सांगायची गरज पडत नाही.

आणि मग तो कुठे नाहीसा होतो ते बघ, कारण कुठलाही शब्द सतत आला की त्याच्या नसण्याला किंमत येते. शेवटच्या प्रकरणात हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये फ्रेडरिक बसलाय, कॅथरीनला रक्तस्राव होतोय, तिथे वाक्यं एकदम तुटक होतात. माझ्या आतलं सगळं गेलं होतं. मग ती प्रार्थना, तिला मरू देऊ नको, तिला मरू देऊ नको, परत परत तेच, एकाला दुसरं जोडून पुढे जायची ताकदच राहिलेली नाही. ती जाते. तो नर्सना खोलीतून बाहेर काढतो आणि शेवटचं जे आहे त्यात परत तीच चाल: पण त्यांना बाहेर काढलं आणि दार लावलं आणि दिवा बंद केला तरी काही उपयोग नव्हता, पुतळ्याचा निरोप घेतल्यासारखं होतं. आणि मग, थोड्या वेळाने मी बाहेर पडलो आणि हॉस्पिटल सोडलं आणि पावसातून हॉटेलवर चालत गेलो. संपली कादंबरी. रडला नाही, कोसळला नाही, दुःखाचा एक शब्द नाही. बाहेर पडणं, सोडणं, चालणं, तीन क्रियापदं, दोन 'अँड', आणि पाऊस. पहिल्या प्रकरणात पावसाबरोबर कॉलरा आला होता तो पाऊस. हा शेवट त्याला सहज सुचलेला नाही, १९५८च्या मुलाखतीत त्याने सांगितलं की शेवटचं पान ३९ वेळा लिहिलं, आणि २०१२ साली त्याच्या नातवाने जी आवृत्ती काढली तिच्यात वेगवेगळे ४७ शेवट छापलेत. मिळाली तर जरूर बघ. त्यातले काही शेवट समजावणारे आहेत, जगाबद्दल, देवाबद्दल, पुढे कोणाचं काय झालं त्याबद्दल. ते सगळे गेले आणि हे साधं वाक्य राहिलं.

हे त्याला कुठून आलं हा प्रश्न पण लोक विचारतात, त्यावर थोडक्यातच. एक तर बायबल. १६११चं जे इंग्लिश बायबल आहे त्यातला उत्पत्तीचा पहिला अध्याय काढ, ३१ वचनांतली २९ 'अँड'ने सुरू होतात, मूळ हिब्रूत तसा जोड आहे तो भाषांतर करणाऱ्यांनी तसाच ठेवला. चर्चला जाणाऱ्या घरात वाढलेल्या मुलाच्या कानात तो ठेका बसलेला असणारच. दुसरं संगीत. आई गाणं शिकलेली, तिने त्याला शाळेतून वर्षभर काढून सेलो शिकायला लावला असं तो सांगायचा. १९५०मध्ये लिलियन रॉस ह्या पत्रकार बाईशी बोलताना तो म्हणाला की ह्या कादंबरीच्या सुरुवातीला मी 'अँड' जाणूनबुजून परत परत वापरला, संगीतकार बाख जसा एखादा सूर वापरायचा तसा. आपल्या घुमट आरतीत शब्द आणि चाल बदलत जातात पण कासाळ्याचा, म्हणजे झांजेचा, ठोका परत परत तोच पडतो, त्या ठोक्यावर कान ठेवलास की त्याचं बाखबद्दलचं म्हणणं कळेल. मुद्दा एवढाच की हे चुकून झालेलं नाही.

आता तुझी कथा. तू दोन उतारे पाठवलेस. पहिल्यात असं आहे: ट्रक सतत जात असल्यामुळे धूळ उडायची, त्यामुळे काजूची पानं लाल व्हायची, म्हणून आई कपडे आत वाळत घालायची. २०१२मध्ये खाणी बंद झाल्या, त्यामुळे बाबांचा ट्रक दारात उभा राहिला. दुसऱ्यात तू सगळे 'त्यामुळे' काढून 'आणि' घातलेस आणि शेवटी 'आणि आम्हाला खूप वाईट वाटायचं' असं लिहिलंस. निबंधासारखं वाटण्याचं कारण तिथे आहे, त्या शेवटच्या तुकड्यात. 'आणि'ची सगळी ताकद निष्कर्ष न काढण्यात आहे आणि तू रांग लावून शेवटी निष्कर्ष काढलास. 'वाईट वाटायचं' हे ट्रक आणि पानं आणि कपडे ह्यांच्या जातीचं नाही, ते दिसत नाही, ते त्यांच्यावर मारलेलं लेबल आहे. निबंधात पण हेच होतं, आम्ही गेलो आणि बघितलं आणि खूप मजा आली.

दुसरी अडचण भाषेची. इंग्लिशमध्ये एकामागून एक कामं सांगायची तर 'अँड' लागतोच. मराठीत आपल्याला त्यासाठी 'ऊन' आहे, उठून, जाऊन, दार लावून. त्यामुळे आपण तोंडाने बोलताना 'आणि' कमी वापरतो आणि लिहिताना फार आला की तो परका वाटतो. पण 'दार लावून दिवा बंद केला' म्हटलं की दार लावणं मागे पडतं, ते दिवा बंद करण्याची तयारी होऊन बसतं. फ्रेडरिकच्या शेवटच्या वाक्यात हे चालणार नाही, तिथे तिन्ही कामं सारख्या वजनाची हवीत, 'बाहेर पडून, हॉस्पिटल सोडून चालत गेलो' केलंस तर नुसतं हॉटेल गाठल्यासारखं होईल. मग आपण काय करायचं, तर मराठीकडे दुसरी एक सोय आहे, क्रियापद शेवटी येतं आणि ते पुरं ठेवता येतं. धूळ उडायची, पानांवर बसायची, आई कपडे आत घालायची. तो 'यची' 'यची' परत परत येणं हेच आपलं 'अँड' आहे, अर्धं काम तो करतो. आपल्या श्रावणातल्या कहाण्या अशाच चालतात, छोटी छोटी पुरी वाक्यं आणि मध्ये 'मग'. आपल्याकडच्या म्हाताऱ्या कोकणीत गोष्ट सांगताना 'मागीर' 'मागीर', म्हणजे 'मग' 'मग', करत जातात, कारणं देत बसत नाहीत, तो कान तुला आहेच. एवढं केल्यावर खरा 'आणि' फार थोड्या जागी लागतो, आणि थोड्या जागी आला की तो ऐकू येतो.

मी तुझा उतारा असा करून बघितला, तुला पटला तर घे. पाऊस गेला की ट्रक सुरू व्हायचे. धूळ उडायची, काजूच्या पानांवर बसायची, टँकर रस्त्यावर पाणी मारून जायचा आणि परत धूळ उडायची. आई कपडे आत वाळत घालायची. त्या वर्षी पाऊस गेला आणि ट्रक सुरू झाले नाहीत आणि पानं हिरवीच राहिली आणि बाबांचा ट्रक दारात उभा होता.

बघ, 'येऊन', 'करून' मी जवळजवळ सगळीकडे काढलं, फक्त टँकरचं 'मारून' ठेवलं कारण टँकर पटकन येऊन जातो, त्याला तेवढंच वजन पुरे. 'आणि' पहिल्या भागात एकच आहे, पाणी मारल्यावर परत धूळ उडते तिथे, तिथे खरं तर 'तरीही' बसला असता पण 'तरीही'त तक्रार येते आणि त्या घरात तक्रार करून उपयोग नव्हता, घर त्याच ट्रकांवर चालत होतं. बाकीचे तीन शेवटच्या वाक्यात, आणि त्यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हिरवी पानं आणि बाबांचा ट्रक ह्यांच्या मधला. तुझ्या पहिल्या उताऱ्यात खाणी बंद होणं म्हणजे वाईट असं ठरूनच गेलं होतं. पर्यावरणवाला लिहील तर चांगलं असं ठरून जाईल. त्या 'आणि'मुळे पानं हिरवी राहणं आणि ट्रक उभा राहून बँकेचे हप्ते थकणं शेजारी शेजारी बसतात आणि डिचोली सांखळीकडच्या लोकांना ते तसंच एकदम मिळालं होतं, चांगलं आणि वाईट एकत्र, वेगळं करून कोणी दिलं नाही. तू त्या घरात वाढलीयस, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, फक्त 'त्यामुळे'ने ते झाकलं जात होतं.

एक सावधगिरी. सगळी कथा अशी लिहू नको. हेमिंग्वेकडे मध्ये मध्ये पानंच्या पानं संवाद आहेत, विनोद आहेत, फ्रेडरिकचा मित्र रिनाल्डी, त्याच्या बडबडीत तर दम घ्यायला जागा मिळते. तुझ्याकडे बँकेच्या माणसाचा प्रसंग आहे तिथे 'त्यामुळे' आणि 'म्हणून' भरपूर राहू दे, तो माणूस तसाच बोलणार, त्याचं कामच कारणं देण्याचं आहे. बाबा मात्र त्या सबंध प्रसंगात एकदाही 'कारण' म्हणत नाहीत असं करता येतंय का बघ. आणि तिसऱ्या पानावर 'म्हणूनच आजही मला धुळीचा वास आला की' असं जे वाक्य आहे त्यातला 'म्हणूनच' काढून टाक, मग पुढचं पान वाचून ठरवू की ते वाक्य ठेवायचं की नाही.